मुकादम डॉक्टरांचा चिखल

सौदी अरेबियात माणसं काय काय शोधत येतात. कुणी पगार, कुणी हजची सोय, कुणी घरच्या कटकटीपासून चार हात लांब राहायला जागा. चिखल शोधणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. तो आमच्या हुफूफच्या इस्पितळात भूल द्यायचं काम करायचा.

डॉ. इस्माईल मुकादम, दाभोळच्या खाडीकाठचे. अंगानं काटक, उंच, मान जरा पुढं झुकलेली, पांढरी दाढी बेतानं राखलेली. ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांत ते बाकीच्या डॉक्टरांसारखेच दिसत. शुक्रवारी सकाळी मात्र हा गृहस्थ पांढरा शर्ट, गळ्यात लोकरीचा टाय आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट अशा थाटात घराबाहेर पडायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाला निघालेत आणि वाटेत गटार तुंबलंय.

मी तिथं एक्स-रे विभागात होते. अजूनही आहे. माझा नवरा दिलीप रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात. तो एक आठवडा सोडून एक आठवडा यायचा आणि आला की झोपायचा. मुलं कराडला सासूबाईंपाशी. त्यामुळं शुक्रवार हा माझा कपडे धुवायचा आणि सगळ्या जगावर चिडायचा वार. मुकादम डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून मला 'फोटोवाली' करून टाकलं होतं.

"डॉक्टर, मी रेडिओग्राफर आहे," मी एकदा ठणकावून सांगितलं.

"तेच तर म्हटला गो मी. हाडांचे फोटो काढतेस ना? मग!"

या माणसाशी भांडायची सोयच नव्हती. आवाज चढवला की ते आपला आणखी उतरवायचे. शेवटी आपलंच ओरडणं आपल्याला ऐकू येई आणि लाज वाटे.

त्यांची भूल द्यायची एक पद्धत होती. टेबलावरचा माणूस घाबरलेला असायचा. बहुतेक आमच्यासारखेच परमुलखातले, कुणी बंगाली गवंडी, कुणी केरळचा ड्रायव्हर. डॉक्टर त्याच्या उशाशी स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "हां, बस से उतरे. अब घर कैसे जाना है, बताओ." तो बिचारा सांगायला लागायचा. आधी चहाची टपरी, मग शाळा, मग तळं. हे इकडं औषध सोडायचे. तळ्याच्या पुढं फारसं कुणी जात नसे. मी एकदा विचारलं, हेच का विचारता? तर म्हणाले, "भाव बघ ना चेहऱ्यावरचा. आयुष्यात कुणी विचारलेला नसतो त्यांना." मी फोटोचं पाकीट त्यांच्या हातात देऊन निघून आले.

एका गुरुवारी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"उद्या काय करतेस?"

"कपडे धुते."

"कपडे शनवारी धू. मना चढावर एक माणूस कमी पडतो."

कसला चढ, कोण माणूस, काही कळलं नाही. पण त्या गावात इस्पितळाबाहेर माझी गरज कुणाला तरी पहिल्यांदाच पडली होती. मी गेले.

हुफूफ म्हणजे खजुराचं गाव. मैलोगणती बागा, त्यांत पाण्याचे पाट. बागा संपतात तिथं पिवळट खडकाच्या टेकड्या. अशाच एका टेकडीच्या पायथ्याला अबू सालेह नावाच्या म्हाताऱ्या सौदी शेतकऱ्याची बाग होती. बागेच्या मागच्या अंगाला मातीची एक चिंचोळी चढण होती, दोन्ही बाजूंना खजुराची झाडं, मध्ये दोन वळणं आणि वर सपाट खडक. त्या चढणीवर शुक्रवारी पाटाचं पाणी सोडलं जायचं. मुद्दाम. जिथं पाण्याच्या थेंबासाठी माझा नवरा समुद्र उकळत बसला होता, तिथं हा माणूस चिखल व्हावा म्हणून पाणी सोडत होता. अबू सालेह काठी टेकून बघत उभा असायचा आणि आल्या-गेल्याला सांगायचा, "दक्तूर मजनून. बस, कुवैस मजनून." डॉक्टर वेडा आहे, पण चांगल्यातला वेडा. त्याच्या हृदयाच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी भूल दिली होती. तेव्हापासून बागेचं फाटक त्यांना कायम उघडं.

खेळ असा. खाली एक खूण, वर एक खूण. मधला चिखल मोटारसायकलनं किंवा गाडीनं चढून जायचा. शर्यत नाही, वेळ कुणी बघत नाही. फक्त थांबायचं नाही. मोटारसायकलवाल्याचा पाय जमिनीला लागला की एक गुण गेला, गाडी थबकली की तो चढ बाद. वळणावळणावर एकेक माणूस उभा करायचा, त्यानं बघायचं आणि सांगायचं. तो कमी पडणारा माणूस म्हणजे मी.

खेळणारे पाच-सहा जण. आमच्या इस्पितळातला केरळचा एक ब्रदर, दोघे फिलिपिनो, आणि यूसुफभाई. यूसुफभाई महाडचे, बाजारात त्यांचं टायरचं दुकान. अंगानं भरदार, तोंडानं त्याहून भरदार. स्वतःचा चढ बाद झाला की दोष टायरचा, आणि टायर कुणी विकला हे मात्र विचारायचं नाही.

हे खूळ डॉक्टरांनी इंग्लंडातून आणलं होतं. तरुणपणी ते तिकडं एका डोंगराळ भागातल्या लहान इस्पितळात नोकरीला होते. रविवारी सगळं गाव बंद. खोलीच्या खिडकीतून भुरभुर पाऊस बघत बसायचं, एवढाच उद्योग. त्यांचा घरमालक म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला एक म्हातारा, फारसा बोलायचा नाही. एका रविवारी त्यानं दार वाजवलं, हातात छत्री दिली आणि एका टेकडीवर नेऊन चिखलात उभं केलं. म्हणाला, या वळणावर कुणाचा पाय टेकला तर मला सांग.

"त्या गावात इस्पितळाबाहेर मना कुणी पहिल्यांदा काम सांगितला," डॉक्टर म्हणायचे. ते ऐकलं तेव्हा मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

त्या म्हाताऱ्याचा बाप हा खेळ अगदी सुरुवातीला खेळलेला. मोटारसायकल नवी नवी होती त्या काळात. डॉक्टर त्या गोष्टी अशा सांगत की जणू हे स्वतः तिथं होते. बँकेतला कारकून, पाव भाजणारा, गावचा डॉक्टर, सोमवारी ज्या गाडीनं कामावर जायचं तीच घेऊन रविवारी टेकडीवर. कोट, टाय, डोक्यावर टोपी. पट्ट्यानं चालणारी गाडी, चिखलानं पट्टा घसरायचा, मग उतरून पळत पळत ढकलायची. शेतकरी बायकापोरांसह कुंपणावर बसायचे, कोण पडतो ते बघायला. काही जण आदल्या दिवशी चढावर बादल्या ओतून ठेवायचे म्हणे, मजा वाढावी म्हणून. एवढं सांगून डॉक्टर टाय सारखा करायचे. टाय का घालता, हे मग कुणी विचारत नसे.

गाडीचा नियम वेगळा. गाडीत एक सोबती लागतोच. मागची चाकं चिखलात फिरायला लागली की सोबत्यानं मागं बसल्या बसल्या उड्या मारायच्या, म्हणजे चाकं दाबली जातात आणि गाडी पकड धरते. सोबती नसेल तर गाडी बाद. डॉक्टरांकडं एक जुनी पिकअप होती, इकडं तिला वानेत म्हणतात. तिच्या मागच्या हौद्यात, बरोबर चाकांवर, त्यांनी एक फळी ठोकली होती. त्या फळीवर बसायच्या हमीदाभाभी.

हमीदाभाभींना मी पहिल्यांदा पाहिलं ते अशा. काळा अबाया, त्यावर चिखलाची नक्षी, दोन्ही हातांत दोर, आणि पुढून गाडी हाकता हाकता डॉक्टर ओरडतायत, "उड गो हमीदा, उड!" आणि साठीला टेकलेली ती बाई उडतेय. वर आल्यावर त्यांनी मला थर्मासमधून चहा दिला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "ह्या माणसाशी लगीन केला आणि हाडां खिळखिळी झाली. तू फोटो काढतेस ना? काढ माझा एकदा."

लग्न होऊन दाभोळहून त्या थेट इंग्लंडात उतरल्या. इंग्रजीचा गंध नाही, थंडीनं दात वाजतायत. पहिल्याच रविवारी नवऱ्यानं टेकडीवर नेऊन एका उघड्या मोटारीत मागं बसवलं आणि सांगितलं, मी ओरडलो की उड्या मार. "मना वाटला, हीच तिकडची रीत असंल. नव्या नवरीला असाच करत असतील," भाभी सांगायच्या. "मी मारल्या. गाडी वर गेली. वर सगळे गोरे टाळ्या वाजवत व्हते. मी घुंगट पुढं ओढला आणि सगळ्यांना सलाम केला." त्यानंतर त्या दोघांनी तो खेळ सोडला नाही. मुलगी झाली, नसीम. तिला घेऊन ती दोघं हुफूफला आली आणि इथंही त्यांनी चिखल शोधून काढला.

गाडी चालवायलाही मी डॉक्टरांच्या त्याच चढावर शिकले. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा दिलीप म्हणाला, सावकाश बघू. डॉक्टर म्हणाले, उद्याच ये. त्यांनी मला सरळ रस्त्यावर नेलंच नाही. चढाच्या मध्यावर वानेत उभी केली, स्वतः उतरले आणि म्हणाले, "आता वर ने." गाडी मागं घसरत होती, मी किंचाळत होते, यूसुफभाई खालून "खलास! खलास!" ओरडत होते, आणि डॉक्टर खिडकीशी चालत चालत सांगत होते, "घाई कसली गो? चढ कुठं पळून जातो?" मी चार वेळा गाडी बंद पाडली. पाचव्यांदा वर नेली. उतरले आणि पुष्कळ वर्षांनी मी मोठ्यानं हसले. दिलीपला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं. भाजी तूच आणत जा आता." पुरुषांना आनंद वाटून घ्यायची ही एक पद्धत असते, असं मी स्वतःला सांगितलं.

डॉक्टर स्वतः मोटारसायकलवरही चढायचे. एका शुक्रवारी ते आणि यूसुफभाई बरोबरीत होते. शेवटचा चढ. दुसऱ्या वळणावर माझी नजर होती, पण तिथं एक झाड आडवं येतं, त्यामुळं मला काही दिसलं नाही. गाडी वर पोचली, फिलिपिनोंनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "झाडामागं माझा डावा पाय टेकला."

"कुणी बघितला?" यूसुफभाई म्हणाले. खरं तर जिंकले होते तेच.

"मी बघितला ना."

"जाव दे ना डॉक्टर! जरासा लागला असंल."

"जरासा नाय. चांगला टेकला."

यूसुफभाईंना जिंकल्याचा आनंदच घेता येईना. ते दिवसभर कुरकुरत होते, असल्या माणसाशी खेळायचं कसं म्हणून. मी डॉक्टरांना म्हटलं, कुणाला काय फरक पडला असता? ते म्हणाले, "इथं बक्षीस नाय, पैसा नाय, कुणी बघायला येत नाय. खरा सांगायचा, तेवढाच तर हाय ह्या खेळात." आणि बुटांवरचा चिखल काटकीनं खरवडायला लागले.

साथीच्या वर्षी हमीदाभाभी गेल्या. डॉक्टरांच्याच इस्पितळात, त्यांच्याच मजल्यावर. डॉक्टर त्या दिवसांत दुसऱ्यांच्या नळ्या घालत होते आणि मध्येच येऊन काचेतून भाभींकडं बघून जात होते. विमानं बंद होती. नसीम तोवर लग्न होऊन पुन्हा इंग्लंडात गेली होती, तिला येता आलं नाही. तिनं आईचं दफन फोनवरसुद्धा पाहिलं नाही. कबरस्तानात आत चार पुरुष, बाहेर भिंतीपाशी मी. बायकांनी आत जायची इथं रीत नाही. यूसुफभाई बाहेर आले, माझ्याकडं न बघता गाडीत जाऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले.

इथल्या कबरीवर नाव नसतं. मातीचा लहानसा उंचवटा आणि उशाशी एक दगड, तोही सगळ्यांचा सारखा. डॉक्टरांना त्याचं वावगं वाटत नसे. धर्मच तसा आहे, म्हणायचे, मातीत गेलं की सगळे सारखे. पण रोज फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर ते तिथं जायचे. रांगेचा अंदाज धरून बरोबर त्या ठिकाणी.

चढ थांबला नाही. साथ ओसरल्यावर पहिल्याच शुक्रवारी टाय बांधून डॉक्टर हजर. पाणी सोडलं, खुणा रोवल्या. मोटारसायकली झाल्यावर त्यांनी वानेत काढली. हौद्यातली फळी मोकळी. गाडी चढाला लागली, पहिल्या वळणावर चाकं नुसतीच फिरली, चिखल उडाला. डॉक्टरांनी काहीतरी कसब करून ती सोडवली आणि वर आणली. मग उतरून स्वतःच जाहीर केलं, "गाडीत सोबती नाय. बाद."

पुढच्या शुक्रवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मला राहवेना. मी म्हटलं, "डॉक्टर, मी बसते ना मागं."

"तू वळणावर ऱ्हा. तिथं माणूस लागतो."

"यूसुफभाई उभे राहतील वळणावर."

"यूसुफभाईंना दिसत नाय नीट." हे यूसुफभाईंसमोर म्हणाले. आणि यूसुफभाई, ज्यांना बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाचं गिऱ्हाईक दिसतं, ते म्हणाले, "होय होय, मना दिसत नाय."

मग कुणी तो विषय काढला नाही. वानेत दर शुक्रवारी चढायची आणि दर शुक्रवारी बाद व्हायची. आम्ही सगळे बघत असू. आपण काही करू शकत नाही याचा मला फार राग यायचा.

नसीमचा आग्रह चालूच होता, बाबा, इकडं या. डॉक्टरांचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं, इस्पितळ दरवर्षी एकेक वर्ष वाढवून देत होतं. त्यांना विचारलं की म्हणायचे, "तिला एकटीला टाकून कसा जाव?" सगळ्यांना वाटायचं, हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. पण ते अक्षरशः तेवढंच होतं. ती जागा माहीत असलेला माणूस जगात एकच होता. तो गेला की तिथं हमीदा मुकादम आहे, हे कुणाला सांगता येणार नव्हतं.

मग एका हिवाळ्यात हुफूफला पाऊस झाला. इकडचा पाऊस कधीमधी येतो आणि आला की सगळी दाणादाण करतो. रस्ते तुंबले, बागांच्या भिंती पडल्या. त्या शुक्रवारी चढावर न मागता चिखल झाला होता. यूसुफभाई खूश होते. डॉक्टर मात्र टाय न बांधता आले आणि माझ्या वळणाशी एका दगडावर बसून राहिले. मग म्हणाले,

"फोटोवाले, कबरस्तानात माती खचली गो. पालिकेच्या लोकांनी सगळी सारखी केली. दगड परत मांडले."

"मग?"

"मग काय. दोन जागा हायत. ह्यातली नाय तर ती. मना नक्की सांगता येत नाय आता."

मी म्हटलं, तिथं कुणाला विचारलं का? विचारलं होतं. तिथला बंगाली मुलगा नवीन होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. चार पुरुष आत गेले होते, त्यांतल्या दोघांनी देश सोडला होता. यूसुफभाईंना घेऊन गेले, तर ते तिसरीच जागा दाखवायला लागले.

"आता दोघांच्या मधी उभा ऱ्हातो," डॉक्टर म्हणाले. "दोघांनाही सलाम करतो. जी दुसरी कुणी असंल, तिला तरी कोण येतो इथं?"

एवढं बोलून ते उठले आणि खुणेची काठी वाकडी झाली होती ती सरळ करून आले. मी त्या दिवशी घरी जाऊन कपडे धुतले आणि धुता धुता रडले. दिलीप आला होता, त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, साबण.

पुढच्या वर्षी इस्पितळानं मुदतवाढ दिली नाही. अबू सालेहनं आपल्या परीनं खटपट केली. दक्तूरला मी माझ्या नावावर ठेवून घेतो, मीच त्याचा कफील, म्हणजे जामीनदार होतो, म्हणून ऑफिसांतून खेटे घातले. वयाच्या अटीपाशी सगळीकडं एकच उत्तर, खलास. नसीम त्यांना न्यायला आली.

चाळिशीची, आईसारख्या जिवणीची, बोलायची बहुतेक इंग्रजीतून, पण वडिलांशी मोडक्या मराठीत. शुक्रवारी ती चढावर आली. तिच्या लहानपणी ती इथंच खजुराच्या सावलीत बसून शाळेचा अभ्यास करायची म्हणे. मोटारसायकली झाल्या. डॉक्टर वानेतकडं निघाले, तशी ती सरळ मागं चढून फळीवर बसली. डॉक्टर क्षणभर दाराशी उभे राहिले, मग आत बसले.

पहिल्या वळणावर चाकं फिरायला लागली. आणि गाडीतून तो आवाज आला, जो आम्ही इतक्या दिवसांत ऐकला नव्हता, "उड गो, उड!" नसीम उडाली, पण चुकीच्या वेळी. पुन्हा उडाली, दोर निसटला, ती हौद्यात आडवी झाली. वानेत हळूच मागं सरकली आणि झाडाला टेकून थांबली. चढ साफ बाद. नसीम चिखलानं माखून उठून बसली आणि हसायला लागली, डॉक्टरही हसायला लागले, अबू सालेहनं काठी हवेत उडवली. हसता हसता नसीमचं रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. "बाबा, मला आईला बघायचं आहे," ती म्हणाली. "मी काही बघितलं नाही. मला कुठं आहे ते तरी दाखवा. मग मी परत कधी येणार?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दम्मामच्या विमानतळाला निघायच्या आधी, मीच त्यांना कबरस्तानात घेऊन गेले. गाडी मी चालवत होते, नसीम शेजारी, डॉक्टर मागं. फाटकासमोर थोडं अलीकडं गाडी लावली. तिथून काच खाली केली की आतलं मैदान दिसत होतं. पिवळी माती, उंचवटे, सारखे दगड, एकही झाड नाही.

"तुम्ही जिथं उभे राहाल, ते मी बघते," नसीम म्हणाली. "तेवढं पुरे आहे मला."

डॉक्टर म्हणाले, "बघ हां नीट." आणि उतरले.

ते रांगांमधून चालत गेले. म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं, पण अडखळत नव्हते. एका ठिकाणी थांबले. नेहमीच्या जागी असणार, कारण पाय दोन दगडांच्या मध्ये होते. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग उजव्या बाजूला सरकले, एका दगडासमोर ताठ उभे राहिले आणि दुआसाठी हात उचलले.

"ती," नसीम म्हणाली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "ती आहे आई. हो ना?"

मी म्हटलं, "हो."

ती बघत राहिली. किती तरी वर्षांचं बघायचं होतं तिला. मग तिला भरून आलं, तिनं तोंड ओंजळीत झाकलं आणि ती पुढं वाकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

आत डॉक्टरांनी मान वळवून गाडीकडं पाहिलं. त्यांना लेकीचा चेहरा दिसला नसणार, फक्त वाकलेली पाठ. ते दोन पावलं डावीकडं गेले, दुसऱ्या दगडाशी वाकले, त्याच्यावर तळहात टेकवला. काहीतरी बोलले. लांबून मला फक्त हलणारी दाढी दिसली.

नसीमनं डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा ते पुन्हा त्या उजव्या दगडासमोर येऊन उभे होते.